कंबरदुखी, कारागीर आणि महागडे इंजेक्शन

पेण तालुक्यातील जोहे आणि हमरापूर ही गावे गणपतीच्या मूर्तींच्या धंद्यासाठी सर्वदूर ओळखली जातात. येथील कारखान्यांतून मूर्ती मुंबई-पुण्याला, राज्यभर आणि परदेशातही जातात. या धंद्याविषयी बोलताना शाडूच्या मातीचा भाव, प्लास्टरवरील निर्बंध, बँकेचे कर्ज आणि ट्रकचे भाडे यांची चर्चा होते. परंतु ज्या भांडवलावर हा सारा व्यवहार उभा आहे, त्याची नोंद कोणत्याच खतावणीत सापडत नाही. ते भांडवल म्हणजे कारागिराची कंबर होय.

साचा भरणारा वाकून काम करतो. मूर्ती घासणारा उकिडवा बसतो. रंगकाम आणि डोळ्यांची आखणी करणारा तासन्‌तास मान व पाठ पुढे झुकवून बसलेला असतो. ओली शाडूची मूर्ती त्याच उंचीच्या प्लास्टरच्या मूर्तीपेक्षा बरीच जड असते, आणि ती उचलून फळीवर ठेवण्याचे काम दिवसातून कितीतरी वेळा करावे लागते. शिवणयंत्रावरचा शिंपी, जरीकाम करणारा कारागीर, रिक्षाचालक आणि दुकानात गोणी उचलणारा हमाल यांचीही स्थिती याहून फारशी वेगळी नाही. म्हणून आम्ही या लेखात जोह्याचे उदाहरण घेतले असले, तरी तो हाताने कमावणाऱ्या प्रत्येक वाचकासाठी आहे.

शहरांतील काही दवाखाने आता कंबरदुखीवर एक नवा उपचार देऊ लागले आहेत. 'ऑपरेशनची गरज नाही', 'स्वतःच्या रक्तातून इलाज', 'झिजलेली गादी पुन्हा भरून येईल' अशी त्याची जाहिरात असते. खर्च काही हजारांपासून लाखांपर्यंत सांगितला जातो. तो भागविण्यासाठी सोने गहाण टाकावे लागते किंवा कारखानदाराकडून हंगामाची उचल घ्यावी लागते. तेव्हा हा जसा प्रकृतीचा प्रश्न आहे, तसाच तो व्यवहाराचाही आहे. सौदा करण्यापूर्वी माल पारखून घ्यावा, या न्यायाने आपण या उपचाराकडे पाहू.

हा उपचार आहे तरी काय?

या उपचारांना पुनरुज्जीवन उपचार म्हणतात. त्यांत पाठ उघडावी लागत नाही. एक्स-रे किंवा सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुई नेमक्या जागी नेली जाते. त्याचे मुख्य प्रकार दोन आहेत.

पहिला पीआरपी. रुग्णाच्या हातातून थोडे रक्त काढून ते यंत्रात वेगाने फिरवतात. त्यामुळे प्लेटलेट जास्त असलेला भाग वेगळा होतो आणि तो दुखऱ्या जागी टोचला जातो. जखम भरून येण्यास मदत करणारी द्रव्ये प्लेटलेटमध्ये असतात, यावर ही कल्पना आधारलेली आहे. पीआरपी म्हणजे मूलपेशी नव्हेत, हे येथेच लक्षात ठेवावे. दोन्हींची सरमिसळ करून माल विकला जातो.

दुसरा प्रकार मूलपेशींचा, ज्याला स्टेम सेल उपचार म्हणतात. यात सहसा कंबरेच्या हाडातील मगज किंवा शरीरातील चरबी काढून, त्यावर प्रक्रिया करून ती टोचतात. काही ठिकाणी प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशीही वापरल्या जातात.

कल्पना आकर्षक आहे, पण तिच्यात एक मोठी अडचण आहे. दोन मणक्यांमधील गादीला प्रौढ वयात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिला लागणारे पोषण वरच्या-खालच्या हाडांतून हळूहळू झिरपत येते. म्हणूनच ती लवकर भरून येत नाही, आणि बाहेरून सोडलेल्या पेशींनाही तेथे जगणे कठीण जाते. नापीक जमिनीत चांगले बी टाकले तरी ते रुजेलच असे सांगता येत नाही.

दुखते ते नेमके कोठे?

उपचार योग्य की अयोग्य, हे दुखण्याच्या जागेवर ठरते. कंबर गादीमुळे दुखू शकते. ती मणक्यांच्या मागील लहान सांध्यांमुळे, त्रिकास्थी व कटीच्या हाडातील सांध्यामुळे, दबलेल्या नसेमुळे किंवा स्नायूंमुळेही दुखू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार कंबरदुखीच्या सुमारे ९० टक्के रुग्णांत दुखण्यामागे एखादा ठरावीक आजार किंवा बिघाड निश्चितपणे दाखविता येत नाही. याचा अर्थ दुखणे खोटे आहे असा मुळीच नाही. परंतु बिघाडाची जागाच ठाऊक नसेल, तर सुई कोठे टोचणार?

येथे अनेकजण एमआरआयचा कागद पुढे करतात. त्यावर 'गादी झिजली आहे', 'गादी बाहेर आली आहे' असे लिहिलेले असते आणि घरातले हवालदिल होतात. वाचकांनी पुढील आकडे ध्यानात ठेवावेत. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसली, तर ऐंशीच्या घरातील लोकांत हे प्रमाण ९६ टक्के होते. फुगलेली गादी विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत आढळली. हे सारे लोक ठणठणीत होते. केस पिकतात तशी गादीही वयाप्रमाणे झिजते. तेव्हा एमआरआयवर दिसलेली झीज हेच दुखण्याचे कारण, असे केवळ त्या कागदावरून ठरविता येत नाही.

पुरावा काय सांगतो?

२०१६ साली अमेरिकेतील ४७ रुग्णांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. गादीत पीआरपी टोचलेल्यांना आठ आठवड्यांत तुलनेच्या गटापेक्षा अधिक आराम पडल्याचे त्यात दिसले. यावरून मोठी आशा निर्माण झाली. मात्र २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या २६ रुग्णांच्या अशाच प्रयोगात तसा फायदा आढळला नाही. दोन्ही प्रयोग लहान आहेत. अन्य सांध्यांतील पीआरपीविषयीही लहान आणि परस्परविरोधी निष्कर्षच अधिक आहेत.

मूलपेशींचा एक मोठा प्रयोग ४०४ रुग्णांवर झाला. त्याचे निष्कर्ष २०२१ साली जाहीर झाले आणि आधी ठरविलेले मुख्य उद्दिष्ट त्यात साध्य झाले नाही. काही रुग्णांत वेदना कमी झाल्याचे दिसले, म्हणून संशोधकांनी पुढील मोठा प्रयोग हाती घेतला. याचा सरळ अर्थ असा की, शास्त्रज्ञ अद्याप शोध घेत आहेत. ज्या मालाची परीक्षाच चालू आहे, तो पक्का माल म्हणून विकला जात असेल तर ग्राहकाने सावध व्हावे.

इंजेक्शन अगदीच निर्धोक असते, हाही गैरसमज आहे. रक्त स्वतःचे असले तरी सुई बाहेरची असते. गादीत जंतुसंसर्ग झाला तर आठवडेच्या आठवडे अँटिबायोटिक घ्यावे लागते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असणारे, प्लेटलेट कमी असणारे आणि अंगात कोठेही संसर्ग असणारे रुग्ण यांनी ही गोष्ट डॉक्टरांना आधी सांगितलीच पाहिजे.

कायदा काय म्हणतो?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ साली मूलपेशींविषयी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. रक्ताच्या व तत्सम काही आजारांत केले जाणारे रक्तमूलपेशींचे प्रत्यारोपण हाच त्यांत मान्य उपचार धरला आहे. इतर आजारांवर मूलपेशी वापरायच्या तर त्या रीतसर परवानगी घेतलेल्या वैद्यकीय प्रयोगातच वापराव्यात, असे त्यांत म्हटले आहे. पुढे २०२२ साली गुडघ्याच्या झिजेसाठी एका देशी उत्पादनाला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. पण ती परवानगी गुडघ्यापुरती आहे. तिचा दाखला देऊन कोणी कंबरेचा इलाज विकू लागला, तर ती दिशाभूल समजावी.

वैद्यकीय प्रयोगाची नोंद देशाच्या सार्वजनिक नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, करावी लागते. प्रयोगासाठी दिल्या जाणाऱ्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेतले जात नाहीत, आणि प्रयोगामुळे इजा झाल्यास तिच्या उपचाराची व भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. तेव्हा कसोटी सोपी आहे. कोणी 'हा प्रयोग आहे' असे सांगून लाखाचे बिल पुढे करीत असेल, तर तेथून उठावे. 'हा प्रयोग नाही, सिद्ध उपचार आहे' असे सांगून कंबरेत मूलपेशी टोचणार असेल, तरीही उठावे.

पैशाचा हिशेब

आता वही उघडून बसू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे घालावेत.

समजा एका रंगकाम करणाऱ्या कारागिराला दिवसाला ७०० रुपये मिळतात आणि कंबरेमुळे महिन्यातून ४ दिवस बुडतात. म्हणजे दरमहा २,८०० रुपयांचे नुकसान. त्याला ६० हजार रुपयांचा उपचार सांगितला आहे. इंजेक्शनाने दुखणे पूर्ण थांबले असे धरले, तरी रक्कम वसूल होण्यास २१ महिन्यांहून अधिक काळ लागेल. आराम निम्माच पडला तर सुमारे ४३ महिने, म्हणजे साडेतीन वर्षे. यात व्याज धरलेले नाही. मुंबईच्या फेऱ्या, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज आणि इंजेक्शनानंतर जड काम टाळण्याचे दिवसही धरलेले नाहीत. इतका काळ आराम टिकतो, याचा भरवसा आजवरचे लहान प्रयोग देत नाहीत.

त्याच कारागिराने योग्य उंचीचे टेबल, फिरता पाट आणि पाठ टेकता येईल अशी बैठक यांवर ६ हजार रुपये खर्च केले, आणि त्यामुळे चारपैकी दोनच दिवस वाचले, तरी साडेचार महिन्यांत रक्कम फिटते. शिवाय ते सामान पुढच्या वर्षीही कामास येते.

हंगामाचे गणित

जोह्यात वर्षभर काम चालत असले तरी चतुर्थीपूर्वीचे महिने सर्वांत धावपळीचे असतात. रात्रीचा दिवस होतो. दुखणेही तेव्हाच टोकाला जाते आणि माणूस वाटेल तो खर्च करण्यास तयार होतो. समजा त्याने भाद्रपदात इंजेक्शन घेतले. अश्विनात काम थंडावते, झोप पुरी होते, उचल-ठेव कमी होते आणि कंबरही सैल पडते. मग श्रेय कोणाला द्यायचे, इंजेक्शनाला की विश्रांतीला?

कंबरदुखी भरती-ओहोटीसारखी असते. माणूस भरतीच्या वेळी डॉक्टरकडे जातो. त्यानंतर ओहोटी येणार असतेच. म्हणूनच संशोधनात एका गटाला खरे औषध आणि दुसऱ्या गटाला नुसते पाण्यासारखे द्रव्य देऊन तुलना करतात, आणि अनेकदा दुसऱ्या गटालाही चांगलाच आराम पडलेला दिसतो. 'अमक्याला गुण आला' ही शेजाऱ्याची साक्ष प्रामाणिक असते, परंतु ती पुरावा ठरत नाही. आमचा सल्ला असा की, इतका मोठा निर्णय हंगामाच्या ऐन घाईत घेऊ नये. काम ओसरल्यावर दोन-तीन महिने दुखणे कसे राहते ते पाहावे आणि मग ठरवावे.

आधी काय करून पाहावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या कंबरदुखीसाठी या संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत दुखण्याची नीट माहिती देणे, व्यायाम, मालिशसारखे काही शारीरिक उपचार, मानसिक आधाराचे उपचार आणि सूज-वेदना कमी करणाऱ्या काही गोळ्या यांचा समावेश आहे. गोळ्या मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. पोट, मूत्रपिंड किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांना त्या बाधू शकतात. सरसकट कमरेचा पट्टा बांधणे आणि वजने लावून ताण देणे यांची मात्र या सूचनांत शिफारस नाही. आपल्याकडे हे दोन्ही उपाय चालतात.

कामाची पद्धत बदलणे हा दुसरा भाग. जर्मन संशोधकांनी १९९९ साली एका निरोगी स्वयंसेवकाच्या गादीतील दाब प्रत्यक्ष मोजला. सरळ उभे असताना जो दाब होता, त्याच्या सुमारे दीडपट दाब पुढे झुकून बसल्यावर भरला. २० किलो वजन पाठ वाकवून उचलताना तो साडेचारपटीवर गेला. तेच वजन अंगाशी धरून उभे राहिल्यावर साधारण दुपटीवर राहिला. हे मोजमाप एकाच माणसाचे आहे, पण त्यातील धडा रोजच्या कामाचा आहे. जड मूर्ती अंगाजवळ धरावी, गुडघ्यात वाकून उचलावी आणि शक्यतो दोघांनी उचलावी. काम जमिनीवरून कमरेच्या उंचीवर आणावे. अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे चालावे. कारखानदारांनीही याकडे खर्च म्हणून पाहू नये. हात बसलेला कारागीर ऐन हंगामात गैरहजर राहिला, तर ऑर्डर चुकते आणि गिऱ्हाईक तुटते.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत मूर्तिकारांचा समावेश आहे आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. पात्र कारागिरांनी तिची चौकशी अवश्य करावी.

तपासणीसाठी पहिली पायरी पेणचे उपजिल्हा रुग्णालय, त्यापुढे अलिबागचे जिल्हा रुग्णालय. मुंबईत हाजी अलीजवळ केंद्र सरकारची अखिल भारतीय शारीरिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. व्यायाम आणि पुनर्वसन हेच तिचे काम आहे. खासगी दवाखान्यात मोठी रक्कम भरण्यापूर्वी अशा ठिकाणी दुसरे मत घ्यावे.

कोणासाठी थांबणे धोक्याचे?

काही लक्षणे दिसली तर ना घरगुती उपाय करावेत, ना पुनरुज्जीवनाचे इंजेक्शन शोधावे. लघवी अडणे किंवा नकळत होणे, जांघांच्या मधल्या भागात बधिरता येणे, पायातील ताकद झपाट्याने कमी होणे, असे झाल्यास त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. ताप, वजन घटणे, रात्री वाढणारे दुखणे, पूर्वी झालेला कर्करोग किंवा क्षयरोग, अथवा पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे असेल तर विलंब न लावता तपासणी करावी. आपल्या देशात मणक्याचा क्षय अजूनही आढळतो, आणि तो न ओळखता त्या जागी सुई टोचणे घातक ठरू शकते. तरुण वयात सकाळी अर्ध्या तासाहून अधिक पाठ आखडत असेल आणि हालचालीने मोकळी होत असेल, तर तो संधिवाताचा प्रकार असू शकतो. त्यावर वेगळी आणि परिणामकारक औषधे आहेत.

कंबरेतून पायात कळ जाणे, म्हणजे सायटिका, बहुसंख्य रुग्णांत काही आठवडे ते तीन महिन्यांत कमी होते. बाहेर आलेली गादी पुष्कळदा आपोआप आक्रसते. वयस्कर माणसाला चालल्यावर पाय भरून येत असतील आणि पुढे वाकल्यावर बरे वाटत असेल, तर नसांचा मार्ग अरुंद झालेला असू शकतो. पीआरपीने हा मार्ग रुंद होत नाही.

मग हे इंजेक्शन कोणी घ्यावे?

आम्ही सरसकट 'नको' म्हणत नाही. तीन महिन्यांहून अधिक काळ दुखणे आहे, व्यायाम व कामातील बदल किमान दोन-तीन महिने मनापासून करून झाले आहेत, धोक्याची लक्षणे तपासून नाहीत असे ठरले आहे, आणि तज्ज्ञाने दुखण्याची नेमकी जागा शोधली आहे, अशा मोजक्या रुग्णांनी पीआरपीचा विचार करण्यास हरकत नाही. सांध्यांच्या बाबतीत ती जागा शोधण्यासाठी आधी बधिरीकरणाचे औषध टोचून दुखणे तात्पुरते थांबते का, हे पाहतात. अर्थात पैसा बुडाला तरी घर बुडणार नाही, एवढी ऐपत असली पाहिजे. कर्ज काढून किंवा सोने मोडून हा प्रयोग करू नये.

जाण्यापूर्वी डॉक्टरांना पुढील प्रश्न नम्रपणे विचारावेत. माझ्या दुखण्याची जागा कोणती आणि ती कशावरून ठरवली? टोचणार ते पीआरपी की मूलपेशी? किती वेळा टोचावे लागेल आणि एकूण खर्च किती? सहा महिन्यांनी गुण आला नाही तर पुढे काय? धोके कोणते? वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक, लेखी संमतीपत्राची प्रत आणि पक्के बिल मागून घ्यावे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच दिलेला आहे. विमा किंवा सरकारी आरोग्य योजनेत हा खर्च बसतो का, हेही आधी लेखी विचारावे. तोंडी होकारावर विसंबू नये.

चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. 'आजच पैसे भरा, उद्या भाव वाढेल' असे जो म्हणतो, त्याला मात्र बाजारातल्या कोणत्याही घाईच्या विक्रेत्याप्रमाणेच उत्तर द्यावे : विचार करून येतो.

जोह्याचा कारागीर भेगाळलेली मूर्ती रंग लावून झाकत नाही. भेग कोठून आली, माती ओली होती की ऊन कडक होते, हे तो आधी पाहतो. आपल्या कंबरेच्या बाबतीतही त्याने हीच पारख वापरावी, एवढेच आमचे सांगणे आहे.